थोरल्या भावाचं त्र्यंबक

नाशिकहून सुटलेली एसटी सातपूरची कारखानदारी मागे टाकते, महिरावणी जाते, अंजनेरीचा डोंगर डाव्या हाताला येतो आणि समोर ब्रह्मगिरीची काळी भिंत उभी राहते. जेमतेम तीस किलोमीटरची वाट. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतणाऱ्यांचंच हे गाव. बहुतेकांचा दिवस दर्शनाच्या रांगेत जातो.

रांग जिथे पोचते ते मंदिर काळ्या पाषाणाचं आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधायला घेतलं, पुरं झालं १७८६ मध्ये. पानिपतानंतर १७६१ मध्ये नानासाहेब गेले, त्यामुळे कळस चढलेला त्यांनी पाहिलाच नाही. एवढ्या मोठ्या शिखराखाली गाभाऱ्यात उभी पिंड नाही. तिथे उखळासारखा खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं: ब्रह्मा, विष्णू, महेश. लांबून पाहणाऱ्यांना ती दिसावीत म्हणून वर आरसा लावलेला असतो. दर सोमवारी देवाचा पंचमुखी मुखवटा पालखीतून कुशावर्त कुंडावर नेतात.

कुशावर्ताची कथा इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. गोहत्येचं पातक धुवायला गौतम ऋषींनी गंगा आणवली, पण ती ब्रह्मगिरीवर कुठे प्रकटे, कुठे गुप्त होई. शेवटी ऋषींनी दर्भाचा वेढा घालून तिला अडवलं, तेच कुशावर्त. पुढे आंध्रात समुद्राला मिळेपर्यंत १,४६५ किलोमीटर वाहणारी गोदावरी ती हीच. तिला उगमाजवळ पाहायला आलेल्याला मात्र वाईट वाटतं, कारण गावातून जाताना तिच्या पात्रावर ठिकठिकाणी सिमेंटचा स्लॅब आहे. माणसं तिच्या डोक्यावरून चालतात आणि नदी कुठाय म्हणून विचारतात. गुप्त होण्याची कथा इतकी खरी व्हायला नको होती.

देवळापासून थोडं चाललं की ज्ञानदेवांच्या थोरल्या भावाची, निवृत्तीनाथांची समाधी. दिवसाचा खरा मुक्काम इथे करावा.

याच ब्रह्मगिरीच्या परिसरात वाघाच्या भीतीने घरच्यांची पांगापांग झाली. चुकलेला निवृत्ती एका गुहेत शिरला आणि तिथे त्याला गहिनीनाथ भेटले, असं परंपरा सांगते. त्यांनी दिलेलं त्याने धाकट्या ज्ञानदेवाला दिलं. दोघांत अंतर अवघं दोन वर्षांचं, पण ज्ञानदेव त्याला गुरू मानत. १२९० मध्ये नेवाशात सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत ते पुन्हा पुन्हा निवृत्तीपुढे नमतात. नाव धाकट्याचं झालं आणि थोरल्याला त्यातच समाधान होतं.

मग थोरल्यालाच सगळ्या धाकट्या भावंडांचं जाणं पाहावं लागलं. १२९६ च्या कार्तिकात आळंदीला ज्ञानदेव, मार्गशीर्षात सासवडला सोपान, पुढच्या वैशाखात तापीकाठी मुक्ताई. आईबाप तर केव्हाच गेले होते. सात महिन्यांत घर रिकामं झालं आणि ज्येष्ठात निवृत्तीनाथ इथे समाधिस्थ झाले. त्यांच्या घराण्याचं आपेगाव गोदाकाठी आहे, शुद्धिपत्रासाठी भावंडं गेली ते पैठणही गोदाकाठीच. त्याच नदीच्या उगमाशी थोरला येऊन थांबला. घरात थोरला असलेल्या माणसाचे पाय या समाधीपुढे जरा जास्त वेळ खिळतात. आईबापांमागे धाकट्यांचं करून स्वतः मागे राहिलेली अशी दादा-ताई बहुतेक घरांत असते, तिचा चेहरा आठवतो.

पौष वद्य एकादशीला इथे यात्रा भरते. नाशिक-नगरकडच्या दिंड्या कडाक्याच्या थंडीत पायी येतात, कित्येक शेतकरी कांदा-गव्हाच्या कामातून चार दिवस काढून. आणि ज्येष्ठात निवृत्तीनाथांची पालखी त्र्यंबकहून पंढरीला निघते. तीन आठवड्यांहून जास्त चालून ती पंढरीजवळच्या वाखरीला पोचते. तिथे आळंदीहून ज्ञानदेव आलेले असतात, सासवडहून सोपानकाका, मुक्ताईनगरहून मुक्ताबाई.