जंताचे औषध म्हणजे लस नव्हे
लातूर जिल्ह्यातले जानवळ कारवानी जातीच्या कुत्र्यांसाठी नावाजलेले. पण कुत्रा कारवानी असो की नांदेडच्या गल्लीतला, ‘एकदा औषध दिलं, आता वर्षभर चिंता नाही’ हा समज सगळीकडे सारखाच. लसीमुळे तो होणे साहजिक आहे. तीही वर्षातून एकदाच टोचतात ना!

जंतनाशन (पोटातले कृमी औषधाने काढणे) मात्र सोयाबीनच्या खुरपणीसारखे आहे. उगवलेले तण निघते, मातीतले बी राहते. औषध आतड्यातल्या जंतांना मारते. अंगणातली अंडी तशीच राहतात आणि चाटण्या-हुंगण्यातून पुन्हा पोटात जातात. गोलकृमी (शेवयांसारखे लांब, पांढरे जंत) तर आईच्या पोटातूनच पिल्लात येतात. म्हणून पहिला डोस साधारण 2 आठवड्यांच्या वयात, मग दर पंधरवड्याला, पुढे 6 महिन्यांपर्यंत दरमहा. मोठ्या कुत्र्याला साधारणतः दर तीन महिन्यांनी. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा माणसांची गोळी अंदाजाने मोडून देऊ नये.

शेपटीखाली तांदळासारखे कण दिसले, तर ते बहुधा पट्टकृमीचे (चपटा, पेरापेरांचा जंत) तुकडे. तो पिसवांमधून येतो, गूळ खाल्ल्याने नाही. त्यामुळे पिसवाही घालवाव्या लागतात. शंका असल्यास विष्ठेचा ताजा नमुना पशुवैद्यकाकडे तपासता येतो.