परदेशी निघालात? आधी इथल्या नंबरची सोय लावा

दुबई असो, मस्कत असो की टोरांटो, बिऱ्हाड हलवताना सगळी भिस्त असते इथल्या मोबाईल नंबरवर. बँकेचा ओटीपी त्यावर, आधार त्याला जोडलेलं, गावचा व्हॉट्सॲप ग्रुपही त्यावरच. म्हणून व्हिसाइतकीच काळजी या सिमची घ्या, हे मी अगदी कळकळीने सांगते.

दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार प्रीपेड सिम सलग 90 दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं. बॅलन्स किमान 20 रुपये असेल, तर त्यातून पैसे कापून नंबर पुढचे 30 दिवस टिकतो. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो, आणि मग तुमचे ओटीपी भलत्याच्याच हाती! म्हणून घरच्या कुणाला तरी रिचार्जची तारीख लिहून द्या.

निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, पण डेटा रोमिंग बंद ठेवा. ओटीपीचा एसएमएस डेटाशिवाय येतो. फोनमध्ये ई-सिमची सोय असेल तर भारतीय सिम जागेवर ठेवून तिथला नंबर ई-सिमवर घ्या.

2023 पासून अनिवासी भारतीयांच्या एनआरई-एनआरओ बँक खात्यांना अमेरिका, कॅनडा, ओमान, अमिराती अशा काही देशांच्या नंबरवरूनही यूपीआयची मुभा आहे. बँकेत नक्की विचारा.

अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण कॉलवर निर्बंध आहेत. तिथे बोटिमसारखं परवानगी असलेलं ॲप लागतं. ते आईच्या फोनवर आधीच बसवा आणि तिलाच एकदा कॉल लावायला सांगा.