पांढरीतली हाडं काय सांगतात?

बाजारात शेळी घेताना आपण आधी तिचे दात बघतो. आदत आहे, दोन दाती आहे की जुळलेली, त्यावर भाव ठरतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकणाऱ्या मुली-मुलंही हेच करतात. फक्त त्यांच्या हातातली शेळी तीन हजार वर्षांपूर्वीची असते.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथली पांढर या कॉलेजानं १९६८ ते १९८३ या काळात खणली. मातीची घरं, धान्याची पेवं निघाली, आणि जनावरांची हाडं तर ढिगानं.

असं हाड मऊ ब्रशनं साफ करायचं, सावलीत वाळवायचं, कुठल्या थरातलं ते त्यावर लिहायचं. मग आजच्या जनावरांच्या सांगाड्याशी ताडून बघायचं. शेळी आणि मेंढीचं हाड इतकं सारखं असतं की पुष्कळदा ‘शेळी किंवा मेंढी’ एवढंच लिहितात. आम्हाला हा खरेपणा आवडला. सुरीचे काप, जाळाचे डाग, कुत्र्यानं चावल्याच्या खुणाही टिपतात. नर कोवळेपणीच कापलेले आणि माद्या म्हातारपणापर्यंत राखलेल्या दिसल्या, तर कळप दुधासाठी असावा असा अंदाज करतात. आपणही बोकड विकतो नि पाट ठेवतोच की!

इनामगावात आधी गुरं भरपूर होती. नंतरच्या थरांत शेळ्या-मेंढ्या वाढल्या, ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस घटला, शेती बसली, म्हणून लोक शेळ्या-मेंढ्यांवर आले, असं उत्खनन करणारे डॉ. म. के. ढवळीकर यांनी मांडलं. दुष्काळात दावणीचा बैल आधी जातो, शेळी मागे राहते, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

पण हे सगळं कळलं ते थर जागेवर होते म्हणून. आपल्याकडे पांढरीची माती ट्रॅक्टरनं शेतात, घरबांधणीला जाते. थर मोडला की हाड कोणत्या काळातलं ते सांगता येत नाही. तेव्हा गावात असं टेकाड असेल तर गटानं ग्रामसभेत विषय काढावा. खणताना जुनी खापरं, हाडं दिसली तर काम थांबवा, काही उचलू-धुऊ नका, जागेवरच फोटो काढा आणि तलाठ्यामार्फत तहसील कार्यालयाला कळवा. हाड माणसाचं वाटलं तर आधी पोलीस पाटलांना बोलवा.