तुम्ही नेमके कोठून पाहता आहात?

आमच्या संस्थेच्या वसतिगृहात रविवारी संध्याकाळी विद्यार्थी एकत्र बसून एखादा माहितीपट पाहतात. गेल्या वर्षी अशाच एका रविवारी पडद्यावर चित्राऐवजी सूचना आली: ‘आपण व्हीपीएन अथवा प्रॉक्सी वापरत आहात असे दिसते. ती बंद करून पुन्हा प्रयत्न करा.’ वर्गणी रीतसर भरलेली होती आणि व्हीपीएन कोणीच वापरत नव्हते. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आपण काहीच केलेले नसताना त्यांना असे वाटले तरी कशावरून?”

या प्रश्नाचे उत्तर शोधताना संगणकाइतकेच अनुमानाविषयीही बरेच शिकायला मिळते. म्हणून हा लेख.

अडवतात कशासाठी?

चित्रपट आणि मालिका दाखवण्याचे हक्क बहुधा देशवार विकले जातात. एकाच चित्रपटाचे भारतातील हक्क एका कंपनीकडे, तर ब्रिटनमधील दुसरीकडे असू शकतात. त्यामुळे प्रेक्षक कोणत्या देशात बसला आहे हे पाहणे सेवेला करारानेच भाग पडते. नेटफ्लिक्सची सेवा ६ जानेवारी २०१६ रोजी भारतासह १३० नव्या देशांत सुरू झाली. लगेच १४ जानेवारीला कंपनीने जाहीर केले की, दुसऱ्या देशाचा पत्ता दाखवून कार्यक्रम पाहणाऱ्यांना यापुढे अडवले जाईल. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हीच भिंत उलट बाजूने आडवी येते. केवळ भारतापुरते हक्क घेतलेला कार्यक्रम त्यांना तिकडे दिसत नाही.

पत्ता म्हणजे ठिकाण नव्हे

इंटरनेटवर माहिती कोठे पोचवायची हे एका अंकी पत्त्यावरून ठरते. त्याला आयपी पत्ता म्हणतात, उदाहरणार्थ २०३.०.११३.२५. यात चार संख्या असतात आणि प्रत्येक संख्या ० ते २५५ यांपैकी असते. म्हणजे या पद्धतीत एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, सुमारे ४३० कोटी. (नव्या पद्धतीत ते याहून कितीतरी अधिक आहेत.)

पिनकोड ४ या अंकाने सुरू झाला, की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडचे, हे आपल्याला कळते. आयपी पत्त्यात अशी भूगोलाची सोय नाही. जगातील पाच प्रादेशिक निबंधक संस्था हे पत्ते गठ्ठ्यांनी वाटतात. आशिया व प्रशांत विभागाची संस्था ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे आहे. त्यांच्या नोंदवहीत गठ्ठा कोणाला दिला हे लिहिलेले असते. आज तो कोठे वापरला जात आहे, हे त्यावरून निश्चित सांगता येत नाही. या नोंदी व इतर माहिती एकत्र करून काही कंपन्या ‘पत्ता आणि ठिकाण’ अशा सूची तयार करतात व विकतात. त्या सूचींतही बराच भाग अंदाजाचा असतो.

हा अंदाज किती फसू शकतो हे २०१६ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले. मॅक्समाइंड या कंपनीच्या सूचीत ‘अमेरिकेत कोठेतरी’ एवढेच ठाऊक असलेल्या पत्त्यांना देशाच्या मध्याजवळचा एक बिंदू दिलेला होता: ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम. असे ६० कोटींहून अधिक पत्ते होते. तो बिंदू कॅन्सस राज्यातील एका शेतघराजवळ येत होता. परिणामी, कोणी कोठेही संगणकीय गुन्हा केला तरी पोलीस आणि संतापलेले लोक त्या निरपराध घराच्या दारात येऊन उभे राहत.

पाकिटात पाकीट

व्हीपीएन म्हणजे काय? समजा, तुम्ही साताऱ्यात आहात, पण पत्रावर पुण्याचा शिक्का हवा आहे. तुम्ही पत्र मोठ्या पाकिटात घालून पुण्याच्या मित्राला पाठवता. तो बाहेरचे पाकीट फाडून आतले पत्र पुण्याच्या पेटीत टाकतो. उत्तरही त्याच्याकडेच येते आणि तो ते तुम्हाला धाडतो. व्हीपीएन नेमके हेच करते. फरक एवढाच, की वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून बाहेरच्या पाकिटातील मजकूर सांकेतिक लिपीत असतो. बँका आणि कार्यालये आपल्या बाहेरगावच्या कर्मचाऱ्यांसाठी ही सोय नित्य वापरतात. तेव्हा व्हीपीएन वापरणारा प्रत्येक जण लबाडीच करतो, असे समजू नये.

खुणा कोणत्या?

सेवेला फक्त पुण्याचा शिक्का दिसतो. मग संशय येतो कशावरून?

पहिली खूण म्हणजे पत्त्याचा मालक. घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा पत्ता असेल तर ठीक. पण व्हीपीएनची यंत्रे बहुधा डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेली असतात, आणि डेटा सेंटरमध्ये बसून कोणी सिनेमा पाहत नाही!

दुसरी खूण गर्दीची. एका घरातून एक-दोन वर्गणीदार पाहत असतील. एकाच पत्त्यावरून शेकडो वर्गणीदार येऊ लागले, तर ते घर नव्हे.

तिसरी खूण विसंगतीची. पत्ता लंडनचा, पण फोनचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे, असे का?

चौथी खूण पाकिटाच्या आकाराची. इथरनेटवर एका पॅकेटात सामान्यतः जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. बाहेरच्या पाकिटाला जागा सोडावी लागते. म्हणून वायरगार्ड या व्हीपीएन पद्धतीत आतील पॅकेट सहसा १४२० बाइटांपर्यंतच ठेवतात. ही काटछाट पलीकडे ओळखता येते.

यांपैकी कोणत्या खुणेला किती वजन द्यायचे, हे कंपन्या अर्थातच जाहीर करत नाहीत.

प्रकाशाची साक्ष

आणखी एक खूण भौतिकशास्त्राने दिलेली आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. जाऊन परत यायचे असल्याने, उत्तराला लागलेल्या प्रत्येक मिलिसेकंदामागे उत्तर देणारा फार तर १०० किलोमीटर दूर असू शकतो.

एक खरे उदाहरण घेऊ. २८ एप्रिल २०२२ रोजी भारताच्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याचा आदेश दिला. त्यानंतर जूनमध्ये एक्स्प्रेसव्हीपीएन या कंपनीने आपली यंत्रे भारतातून हलवली आणि ‘भारतीय’ पत्ते सिंगापूर व ब्रिटनमधील यंत्रांवरून देण्यास सुरुवात केली. नोंदवही म्हणते भारत, पण यंत्र सिंगापुरात! मुंबईहून सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. येऊन-जाऊन ७,८०० किलोमीटर होतात, म्हणून मुंबईतून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ३९ मिलिसेकंदांच्या आत येणे शक्यच नाही. उलट, सिंगापुरातून विचारले आणि २ मिलिसेकंदांत उत्तर आले, तर ते यंत्र तेथून २०० किलोमीटरच्या आत आहे हे सिद्ध होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लवकर आलेले उत्तर जवळ असल्याचे सिद्ध करते. उशिरा आलेले उत्तर दूर असल्याचे सिद्ध करत नाही. वाटेत गर्दी असली तरीही उशीर होतो.

चांगली चाचणी आणि निरपराध माणसे

म्हणजे बाकीच्या खुणा संभाव्यतेच्या आहेत. त्यातून काय घडते, ते काल्पनिक आकडे घेऊन पाहू. समजा, एका संध्याकाळी १०,००० प्रेक्षक आहेत आणि त्यांपैकी २०० जण व्हीपीएन वापरतात. चाचणी अशा शंभरांतले ९५ ओळखते आणि प्रामाणिक शंभरांपैकी केवळ दोघांवर चुकून संशय घेते. चाचणी उत्तमच म्हणायची. आता हिशेब करा. व्हीपीएनवाले सापडले १९०. प्रामाणिक प्रेक्षक ९,८००. त्यांचे दोन टक्के म्हणजे १९६. अडवलेल्या ३८६ जणांपैकी निम्म्याहून अधिक निरपराध! चाचणी वाईट आहे म्हणून नव्हे, तर प्रामाणिक माणसे संख्येने फार अधिक आहेत म्हणून. प्रत्यक्षातही असे घडते. ऑगस्ट २०२१ मध्ये व्हीपीएनसाठी वापरले जाणारे घरगुती पत्तेही नेटफ्लिक्सने अडवायला सुरुवात केली, तेव्हा व्हीपीएन न वापरणारे काही प्रेक्षकही त्यात सापडल्याचे वृत्त होते.

आमच्या वसतिगृहाचे कोडेही असेच सुटले. संस्थेतील सहकाऱ्यांनी तपासले तेव्हा दिसले की, वसतिगृहातील सगळे फोन आणि संगणक एकाच आयपी पत्त्याने बाहेर पडतात, आणि तो पत्ता घरगुती इंटरनेट कंपनीचा नाही. गर्दीची खूण खरी होती आणि मालकाची खूणही खरी होती. काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा होता. त्या सेवेला तसे कळवल्यावर काही दिवसांनी अडथळा दूर झाला.

वरचा हिशेब नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर सहज करता येईल. व्हीपीएन वापरणाऱ्यांची संख्या २०० ऐवजी २,००० धरून काय होते, ते मुलांनाच काढू द्यावे. नंतर त्यांच्यापुढे दुसरा प्रश्न ठेवावा: दोन उत्तरपत्रिकांत एकच चूक सापडली, एवढ्यावरून कॉपी झाली असे म्हणता येईल का? त्या चर्चेत आपण शिक्षकांनीही भाग घ्यावा. एकेका खुणेवरून कोणाला दोषी धरण्याची वेळ आपल्यावरही येत असतेच.