डायफेनसायप्रोन आणि बिब्बा

इंद्रलुप्ताचा रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा अन्यत्र उपचार घेऊनच. त्याच्या कागदपत्रांत ‘डीपीसीपी’ ही अक्षरे दिसल्यास वैद्यांनी क्षणभर थांबावे, असे आम्हांस वाटते.

डीपीसीपी म्हणजे डायफेनिलसायक्लोप्रोपेनोन अथवा डायफेनसायप्रोन. हे संयुग प्रयोगशाळेत सिद्ध झाले १९५९ मध्ये. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ रुडॉल्फ हॅपल व सहकाऱ्यांनी त्याचा इंद्रलुप्तातील उपयोग मांडला १९८३ मध्ये. तत्पूर्वी वापरात असलेले डीएनसीबी जिवाणूंवरील चाचणीत उत्परिवर्तक ठरल्याने मागे पडले होते.

प्रथम २ टक्के द्रावण डोक्यावर लहानशा जागी लावून शरीरास त्या द्रव्याची ॲलर्जी मुद्दाम निर्माण करतात. सुमारे दोन आठवड्यांनी ०.००१ टक्क्यापासून आरंभ करून दर आठवड्यास लेपन होते. बल इतकेच वाढवावयाचे, की कंडू व रक्तिमा एक-दीड दिवस टिकावी. लावलेली जागा ४८ तास धुवावयाची नाही आणि झाकून ठेवावयाची, कारण हे द्रव्य प्रकाशात विघटित होते. त्वचेतील नवा दाह केशमुळांवर चालून गेलेल्या पेशींना दुसरीकडे वळवितो, अशी एक उपपत्ती आहे.

वाचकांस एव्हाना बिब्बा आठवला असेल. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात इंद्रलुप्तावर भल्लातकरस सांगितला आहे. सुश्रुतसंहितेत प्रच्छानानंतर गुंजाकल्काचा लेप आहे. बिब्ब्याच्या तेलातील द्रव्येही विलंबित ॲलर्जीच उत्पन्न करतात. साम्य विलक्षण खरे. परंतु ‘हे आमच्याकडे होतेच’ एवढे म्हणून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. तेथे मात्रा टक्क्याच्या हजाराव्या भागापासून मोजून वाढविली जाते; आपल्या बिब्ब्याच्या रसाचे बल कोणी मोजले आहे? गुंजेतील ॲब्रिन तर उघड विष. खरवडलेल्या त्वचेवर ते लावताना दहादा विचार करावा.

डीपीसीपी चालू असताना त्याच जागी बिब्बा वा गुंजा कदापि लावू नये. रुग्ण कंडूची तक्रार करील. परंतु मर्यादित कंडू हाच तेथे अभिप्रेत परिणाम असतो, तो शमविण्याची घाई नको. मानेतील गाठी सुजणे हेही त्या उपचारात आढळते. गंडमाळा समजून औषध सुरू करू नये. मात्र फोड आले, अंगभर पित्त उठले वा पांढरे डाग दिसू लागले, तर रुग्णास तत्काळ मूळ चिकित्सकाकडे पाठवावे. गर्भवतीस हा उपचार देत नाहीत.

औषधालयचालकांनी हे द्रावण स्वतः बनवून देऊ नये. हाताळणाऱ्यासही त्याची ॲलर्जी जडते. भल्लातक व गुंजा ही दोन्ही शेड्यूल ई-१ मधील द्रव्ये आहेत, तेव्हा ‘डोक्याला लावायला बिब्बा द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकास आधी वैद्याची चिठ्ठी विचारावी.