फाळक्यांचा वाटाणा आणि घटातलं धान

1912 साली धुंडिराज गोविंद फाळके लंडनहून परतले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मिळाला, पण सिनेमा काढायला पैसा नव्हता. पैसे लावणाऱ्याला नुसतं सांगून पटत नाही, काहीतरी दाखवावं लागतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची चित्रं घेतली. बी फुटतं, कोंब वर येतो, त्याचा वेल होतो, आणि पडद्यावर हे सगळं मिनिटभरात उरकतं. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखली जाणारी ही फीत दाखवून त्यांनी कर्ज मिळवलं. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्याच्या मागे उभा होता तो कुंडीतल्या रोपाचा टाइम-लॅप्स.

फाळके रोज एकच चित्र घेत, असं पुष्कळदा सांगितलं जातं. हिशेब केला की ते जमत नाही. मूकपटाच्या काळात पडद्यावर सेकंदाला साधारण 16 चित्रं धावत, म्हणजे मिनिटाला 960. महिन्याचे 30 दिवस धरले तर दिवसाला 32 चित्रं लागतात. रोज एकच घेतलं असतं, तर सगळा वेल दोन सेकंदांत चढून संपला असता. हा भागाकार मी मुद्दाम आधी मांडला, कारण टाइम-लॅप्स शिकणं म्हणजे मुख्यतः हाच भागाकार शिकणं. कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, हे प्रश्न पुष्कळ नंतरचे. आधी ठरवायचं ते दोन फोटोंमधलं अंतर.

फाळक्यांच्या आधीही हे काम झालं होतं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोपांच्या हालचाली अशाच टिपल्या. इंग्लंडच्या पर्सी स्मिथ यांनी 1910 मध्ये 'द बर्थ ऑफ अ फ्लॉवर' या फितीत फुलं उमलताना दाखवली. तेव्हा त्यासाठी यंत्रं जुळवावी लागत. आज आमच्या पूर्णा गावातल्या कुठल्याही घरात कपाटात पडलेला, काच तडकलेला पण कॅमेरा शाबूत असलेला जुना मोबाईल या कामाला पुरतो.

हिशेब असा. व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमने चालवायचा धरला, तर दहा सेकंदांच्या तुकड्याला 250 फोटो लागतात. पावसाळी ढग टिपायचे असतील तर दर तीन सेकंदांना एक फोटो पुरतो. साडेबारा मिनिटांत काम होतं. संध्याकाळी सावल्या लांबताना टिपायच्या असतील तर दहा-पंधरा सेकंदांचं अंतर चालतं. रोपाला दहा-पंधरा मिनिटं. शंका असली की अंतर कमी ठेवा. घेतलेल्या फोटोंतले एकाआड एक गाळता येतात, न घेतलेले कुठून आणणार?

पहिला प्रयोग ढगांचाच करावा. बहुतेक मोबाईलमध्ये टाइम-लॅप्सची सोय असते. गच्चीच्या कठड्यावर विटांच्या आधाराने मोबाईल घट्ट बसवा, खाली थोडी झाडं किंवा पाण्याची टाकी चौकटीत येऊ द्या, म्हणजे ढगांचा वेग डोळ्याला कळतो. नुसतं आभाळ घेतलं तर पाहणाऱ्याला धरायला काही उरत नाही. जूनच्या सुरुवातीला, मृगाच्या तोंडावर, दुपारी चारनंतर आमच्याकडे ढग वर वर चढत जातात. साध्या डोळ्यांना ते जागच्या जागी फुगल्यासारखे वाटतात. टाइम-लॅप्समध्ये ते खालून उकळत वर येताना दिसतात. वीज कडाडायला लागली की मात्र मोबाईल तिथेच सोडून खाली यावं. गच्चीवर थांबू नये.

या छंदासाठी आपल्या घरातला सगळ्यात उत्तम विषय मला घटस्थापनेचा वाटतो. पत्रावळीवर वावरातली काळी माती, मधे पाण्याचा घट, वर पानं आणि नारळ, आणि मातीत पेरलेला गहू, ज्वारी, हरभरा. नऊ दिवसांत धान वीतभर वाढतं आणि दसऱ्याला टोपीत खोवलं जातं. टाइम-लॅप्सला लागणारी सगळ्यात अवघड गोष्ट इथे आपोआप मिळते : घट एकदा बसला की तो कुणी हलवत नाही.

दर पंधरा मिनिटांना एक फोटो घेतला तर दिवसाचे 96, नऊ दिवसांचे 864, म्हणजे साधारण पस्तीस सेकंदांचा व्हिडिओ. मोबाईलची नेहमीची टाइम-लॅप्सची सोय इतका वेळ चालवण्यासारखी नसते. ठरावीक अंतराने सुटे फोटो काढणारं ॲप घ्यावं. मोबाईल फ्लाइट मोडवर, चार्जर कायम लावलेला. फोटोचा आकार आठ मेगापिक्सेल ठेवला तरी फोर-केचा व्हिडिओ होतो, त्याहून मोठा ठेवून मेमरी भरायचं कारण नाही. आरतीला माणसं आडवी येतील, त्या वेळचे फोटो नंतर गाळावेत. रोज चढवलेली माळ मात्र व्हिडिओत दिसू द्यावी, दिवस बदलल्याची खूण तीच.

खरा त्रास उजेडाचा. खिडकीतून दिवस येतो, मावळतो. नंदादीपाची ज्योत हलते. कॅमेरा दर वेळी नव्याने अंदाज बांधतो आणि व्हिडिओ लुकलुकतो. यावर उपाय म्हणजे कॅमेऱ्याला स्वतःचं डोकं चालवू द्यायचं नाही. फोकस, एक्स्पोजर आणि रंगांचा समतोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, हे तिन्ही हाताने ठरवून कुलूपबंद करायचे. खिडकीला जाड पडदा लावा आणि बाजूला एक एलईडी बल्ब अखंड चालू ठेवा, म्हणजे समईचा उजेड त्यात मिसळून जातो. वीज जाणारच, त्यामुळे बॅटरीवर चालू राहणारा इन्व्हर्टर बल्ब घ्यावा. बल्बमुळे पट्टे दिसत असतील तर शटरचा वेग सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवून पाहावा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्या वेगांना पट्टे बहुधा जातात.

बल्ब एका बाजूला ठेवला की आणखी एक गोष्ट दिसते. गव्हाचे आणि ज्वारीचे कोंब त्या बाजूला झुकतात, आणि मधेच बल्बची बाजू बदलली तर तेही वळतात. चार्ल्स डार्विन यांनी मुलगा फ्रान्सिस याच्या मदतीने गवताच्या कोंबांवर हेच तपासलं. कोंबाचं टोक झाकलं की तो उजेडाकडे वळत नाही, असं त्यांना आढळलं; 1880 च्या त्यांच्या पुस्तकात ते आलं आहे. शाळेतल्या मुलांना हा प्रयोग चित्र काढून शिकवतात. घरच्या घटात तो चालताना दाखवला तर त्याच मुलांना वेगळं शिकवावं लागणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना घटाशेजारी बल्ब नको असेल तर त्यांचं ऐकावं आणि दुसऱ्या खोलीत परातीत मूग पेरावेत. तीन दिवसांत तेही पुरेसे वाढतात.

घराबाहेर, शेतात, ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशीचं फूल गाठावं. पात्यातून ते सकाळी उमलतं तेव्हा पांढरट, पिवळसर छटेचं असतं. दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी होऊन मिटायला लागतं आणि मागे बोंड धरतं. शेतकऱ्याने हे आयुष्यभर पाहिलेलं असतं, पण रंग चढतानाचा क्षण कुणाच्याच नजरेला सापडत नाही. शेतात वारा हा वैरी. फांदी काठीला सुतळीने बांधावी, फुलामागे काळा पुठ्ठा धरावा, ट्रायपॉडला वाळूची पिशवी लटकवावी. त्यानंतर बोंड फुटतानाचा टाइम-लॅप्स करता येतो, त्याला मात्र दिवस लागतात आणि वेचणीच्या माणसांना आधी सांगून ठेवावं लागतं.

पूर्णा हे जंक्शन आहे. परभणी, नांदेड आणि हिंगोली-अकोला अशा तिन्ही बाजूंच्या गाड्या इथे येतात, त्यामुळे रेल्वेकडे लक्ष जाणं साहजिक आहे. प्लॅटफॉर्मवर ट्रायपॉड लावायचा तर स्टेशन मास्तरांना आधी विचारावं, रुळांच्या जवळ तर जाऊच नये. रात्री दूरच्या गच्चीवरून शटर काही सेकंद उघडं ठेवून घेतलेल्या फोटोंत गाडीची लांब उजेडाची रेघ उमटते आणि ते पुरेसं आहे. नदीचंही तसंच. पूर्णा नदी जवळच गोदावरीला मिळते. पाणी चढताना टिपायचा मोह होतो, पण पुराच्या वेळी पाणी कॅमेऱ्यापेक्षा वेगाने येतं. उंचावरच्या पक्क्या जागेवरूनच ते करावं.

डीएसएलआर वापरणाऱ्यांसाठी एकच सांगतो. भिंगाची झडप, म्हणजे ॲपर्चर, दर फोटोला बंद होते आणि दर वेळी केसभर वेगळी बंद होते, त्यानेही व्हिडिओ लुकलुकतो. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवलं की हा प्रश्न सुटतो. फोटो जोडायला शॉटकट किंवा दाविंची रिझॉल्व्ह ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात.

उन्हाळ्यात शेतं रिकामी असतात तेव्हा सूर्य धरावा. पूर्णा उत्तरेला साधारण 19.2 अंशांवर आहे, त्यामुळे मेच्या 16-17 तारखेच्या आसपास दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. गच्चीवर पांढरा कागद पसरा, त्यावर पाइपचा एक तुकडा ओळंब्याने तपासून उभा करा आणि साडेअकरा ते एक दर दहा सेकंदांना फोटो घ्या. 540 फोटो होतात, वीस-बावीस सेकंदांचा व्हिडिओ. मोबाईलवर मात्र सावली धरा, पांढरा पुठ्ठा आडवा लावला तरी चालतो. त्या उन्हात तो तापून बंद पडतो. जुलैच्या शेवटी सूर्य परतताना पुन्हा एकदा डोक्यावर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. म्हणून मेचीच तारीख धरावी, आणि आदल्या दिवशी एकदा सगळं मांडून पाहावं.