फुटाचा भाव, टेबलाचा हिशेब

सकाळी 7, मरोळ

गाळ्याचं शटर वर गेलं की आधी कागद, मग करवत. बोरिवलीच्या एका काकूंना नातवासाठी अभ्यासाचं टेबल हवंय, चार फूट बाय दोन फूट, 'फुल सागवान'. लाकडाचा भाव विचारायला बाहेर पडण्याआधी तुकड्यांची यादी करायची, नाहीतर वखारवाला सांगेल तोच आपला हिशेब होतो.

सूत्र साधं आहे. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात. तिन्हींचा गुणाकार करून 144 ने भागलं की घनफूट. एक इंच जाडीचा वरचा फळा 0.67, दोन इंची चार पाय 0.28, खालच्या आडव्या पट्ट्या 0.28. सगळं मिळून सव्वा घनफुटाच्या आत. पण एक इंचाची तयार फळी हवी असेल, तर रंध्यासाठी दोन सूत जादा सोडावं लागतं, म्हणजे सव्वा इंची माल घ्यायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिस्त्रींच्या तोंडी अजून तेच माप. टोकांचे तडे, गाठी, करवतीखाली जाणारा भुसा हे सगळं धरून खरेदी दीडपट. कागदावर लिहितो : पावणेदोन ते दोन घनफूट.

9, घाटकोपर

मरोळ नाक्याहून मेट्रोने घाटकोपर. इथे एक जुनी चाळ पाडतायत. उपनगरात पुनर्विकासाचा धडाका चालू असल्यामुळे चौकटी, दारं, कडीपाट यांचे ढीग लागलेले असतात. पाडकामाचा कंत्राटदार हा माल एकगठ्ठा भंगारवाल्याला देतो. त्याआधी गाठलं तर चार चौकटी आपल्यालाही मिळतात.

जुन्या चौकटी साधारण चार बाय अडीच किंवा पाच बाय तीन इंची. टेबलाचे पाय त्यातून सहज निघतात. इतकी वर्षं सुकलेलं लाकूड आता फारसं वाकणार नाही, हा सगळ्यात मोठा फायदा. पण खिशात लोहचुंबक हवंच. रंगाच्या थरांखाली मोडलेले खिळे दडलेले असतात आणि एकच खिळा मशीनच्या पात्याला खाच पाडतो. बिजागऱ्यांच्या खाचा आणि सांध्यांची भोकं वजा करायची, खालचं टोक पटाशीने टोचून वाळवी बघायची. उरलेल्या सलग लांबीचेच पैसे द्यायचे.

10.30, मुलुंड

लालबहादूर शास्त्री मार्गावरची वखार. मुंबईच्या लाकूड व्यापारात कच्छी पटेलांचा जम मोठा. हे शेठही कच्छचेच, मराठी झकास बोलतात.

"शेठ, सव्वा इंचीत काय आहे?"

"घाना आहे, ब्राझील आहे. बर्मा दाखवू का, पण भाव ऐकून घरी जाल!"

शेठ गमतीने म्हणाले, पण त्यामागे कारण आहे. म्यानमारने एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. इकडे जंगलतोडीवर आणि बिगरपरवाना सॉ मिलवर सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाने लगाम घातला. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा साग नामांकित, अयोध्येच्या मंदिरासाठीही 2023 मध्ये बल्लारपूरहून गेला. पण वनखात्याच्या आगारातला माल लॉटने लिलावात जातो, दोन फुटांच्या गिऱ्हाइकाचा तिथे निभाव लागत नाही. म्हणून बाजारात आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचा साग. लवकर तोडलेल्या झाडात गाभा कमी, सालीकडचा पांढरा भाग जास्त. भुंगा आणि वाळवी आधी त्या पांढऱ्यालाच धरतात. साग पाण्या-वाऱ्याला टिकतो ही ख्याती खोटी नाही; मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 मध्ये बांधलेलं 'ट्रिंकोमली' हे सागवानी जहाज इंग्लंडमध्ये आजही तरंगतंय. पण ही ख्याती गाभ्याची आहे.

आता भाव. समजा, एक फळी 2,000 रुपये फूट (बाजारात 'फूट' म्हणजे घनफूटच) आणि पांढरा भाग, गाठी जाऊन निम्मीच कामाची. उरलेलं लाकूड पडलं 4,000 ला. शेजारची 3,000 ची फळी ऐंशी टक्के कामाची, ती पडली 3,750 ला. महाग फळी स्वस्त निघाली. म्हणून भावाआधी फळी उलटून दोन्ही अंगं बघायची, टोकाला डोळा लावून पीळ बघायचा.

ओंडक्याचा भाव ऐकून हुरळू नये. तिथे घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. हे माप खऱ्या घनफळाच्या 78 टक्क्यांच्या आसपासच भरतं, कारण चिराईतली तूट आधीच धरलेली असते. चिरलेल्या फळीच्या भावाशी त्याची तुलना होत नाही.

मी आखूड तुकड्यांचा ढीग उपसतो. आठ-दहा फुटी फळीला दाराच्या चौकटवाल्यांची मागणी, म्हणून तिचा भाव चढा. तीन-चार फुटी तुकडे शेठ कमी भावात देतात, आणि माझ्या यादीत साडेचार फुटांच्या वर काहीच नाही. रुंदी कुठे मोजली, तडे वजा केले का, 18 टक्के जीएसटी भावात धरला की वेगळा, चिराई आणि हमाली कोणाची, हे टेम्पो भरण्याआधी बोलून घ्यायचं.

दुपारी 1, जोगेश्वरी

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार. जुन्या कपाटांची दारं, पलंगांच्या पाट्या, जिन्यांचे कठडे. इथे पॉलिश फसवं असतं, रंग गडद असला की सगळंच शिसवी म्हणून विकतात. मागची बाजू नखाने खरवडायची, वजन हाताने जोखायचं. आज खणांच्या बाजूंसाठी पातळ फळ्या तेवढ्या घेतल्या.

3.30, मरोळ

माल उतरला. मे महिना संपत आलाय. पावसाआधी लाकूड घरात आलेलं बरं. फळ्यांमध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी रचतो, म्हणजे चारी बाजूंनी हवा खेळते. ओलावा मोजायचं यंत्र लावतो : चौकटी 11 टक्के, नवी फळी 17. नवी फळी लगेच जोडली तर सुकताना आकसून सांधे उघडतील. तिला थांबावं लागणार. स्वस्त ओलं लाकूड असं वेळ आणि जागा खातं. मरोळच्या गाळ्याच्या भाड्यात ही थप्पीही राहते.

संध्याकाळी 7, बोरिवली

काकूंनी चहा ठेवला आणि मुद्द्यावर आल्या. "अहो, साग दोन हजार रुपये फूट मिळतो म्हणे. मग दोन फुटांच्या लाकडाला तुम्ही एवढे कसे लावता?"

यादी पुढे केली. पाय जुन्या चौकटीचे, वरचा फळा नव्या सागाच्या गाभ्याचा, आडव्या पट्ट्या आखूड तुकड्यांतून, खणाचा तळ प्लायवूडचा. कुठे साग लागतो आणि कुठे फक्त नावाला लागतो, हे ओळीने दाखवलं. 'फुल सागवान' या दोन शब्दांची किंमत वेगळी काढून दाखवली, तेव्हा त्यांनी ती स्वतःच खोडली.

मग म्हणाल्या, "आमचीही सोसायटी पाडायला जाणार आहे. सासूबाईंचा पलंग गच्चीवर पडलाय, तो चालेल का?"

गच्चीवर जाऊन बघितला. पाट्या दीड इंची, सहा फूट सलग, रंगाचे चार हात. साग आहे की रंगवलेला आंबा, ते रंध्याच्या एका हाताने कळेल. साग निघाला तर वखारीचा माल दुसऱ्या कामाला लावीन आणि काकूंच्या बिलात लाकडाच्या जागी फक्त मजुरी येईल.